मॉक ड्रिलवाले सर

संपादकबाईंचा फोन आला, "सर, आग विझवतानाचे थरारक अनुभव लिहा ना आमच्या अंकासाठी." मी म्हटलं, बाई, नोकरीच्या बत्तीस वर्षांत मी एकही आग विझवलेली नाही. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतून मीच लावलेल्या सोडल्या तर. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही करायचात काय?"

हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या बोलणीत विचारला होता. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. जिन्यात भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला असतो. त्याच्यामागे पाल राहते आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तो सिलिंडर वेळेवर भरून देणाऱ्या कंपनीत मी होतो. पुढे आमच्याकडे इमारतींचं पीक आलं, सोसायट्यांना आगीची तालीम घेणं भाग पडलं, आणि मला चार शब्द बरे बोलता येतात म्हणून मालकांनी मला त्या कामावर घातलं. तालमीला सगळे मॉक ड्रिल म्हणतात. अलार्म वाजवायचा, लोकांना जिन्याने खाली आणायचं, डोकी मोजायची, सिलिंडर कसा चालवायचा ते दाखवायचं आणि समोसा खाऊन घरी यायचं. मीरा रोड-भाईंदरला आजही बाजारात कोणीतरी मला बघून बायकोला सांगतो, "ते बघ, मॉक ड्रिलवाले सर." एवढीच माझी कीर्ती.

या धंद्यात आगीबद्दल शिकण्यासारखं फार काही नसतं. हवा आणि जळण तोडलं की ती संपते. शिकायचं असतं ते माणसांबद्दल. आणि त्यातली पहिली गोष्ट अशी की अलार्म वाजला की माणूस धुराकडे बघत नाही, शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी बसलेला दिसला की हाही बसतो. शेजारी का बसलेला असतो? तो याच्याकडे बघत असतो म्हणून.

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागात एका सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. चेअरमन मोठे हौशी. म्हणाले, "सर, न सांगता ड्रिल घेऊन बघू." मी दाराबाहेर नारळाच्या शेंड्या पेटवून धूर केला आणि अलार्म सुरू केला. आत पंचवीस-तीस बायका. अलार्म ठणाणा करतोय, दाराखालून धूर येतोय, आणि आत वाण वाटप चालू. माना वळल्या, पण धुराकडे नाही, एकमेकींकडे. चार मिनिटं झाली तरी एकही उठेना. शेवटी मीच आत गेलो. नंतर एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. बहुतेकींचं उत्तर एकच: "मला वाटलं होतं हो काहीतरी आहे, पण बाकीच्या बसल्या होत्या ना." एक आजी तर म्हणाल्या, "मी कशी उठणार? मला वाटलं, माझ्याच नाकाला धूर लागतोय."

त्यावर मी एक युक्ती काढली. एकीला आधीच सांगून ठेवायचं: अलार्म झाला की पर्स उचला, खुर्ची आवाज करत मागे सरकवा आणि सरळ चालायला लागा, कोणाशी बोलू नका. पुढच्या वेळी तोच हॉल एका मिनिटात रिकामा झाला. सगळ्यांना अक्कल होती, फक्त पहिली उठायला कोणी तयार नव्हती. ही युक्ती मी पुढे शेकडो वेळा वापरली आणि दरवेळी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

दुसरी गोष्ट जाकिटाची. ते पोपटी-पिवळं चमकणारं जाकीट अंगात घातलं आणि गळ्यात शिट्टी अडकवली की मी सांगेन ते लोक करायचे. एकदा गंमत म्हणून मी एका ऑफिसच्या लोकांना जमिनीवर बसवलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवायला सांगितले. त्यात त्यांचे साहेबही बसले, सुटाबुटात. आगीत असं बसून काय होणार, हे एकानेही विचारलं नाही. मीच विचारलं, "का बसलात?" साहेब म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून."

भाईंदर पश्चिमेला भांड्यांचा एक कारखाना होता. तिथल्या चाळीस कामगारांना मी ड्रिलमध्ये मोकळ्या जागेत रांगेत उभं केलं आणि "ड्रिल संपली" असं म्हणायचं विसरून मालकाबरोबर चहाला गेलो. गप्पा रंगल्या. अर्ध्या तासाने बाहेर येतो तर चाळीसच्या चाळीस जण मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभे. मी पुढच्या प्रत्येक वर्गात हा किस्सा सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. किती शिस्तीची माणसं, असा त्याचा सूर असायचा. त्यातून शिकायचं होतं ते मी शिकलो नाही. त्याचंच आता सांगायचं आहे.

भाईंदरच्या इंद्रलोक भागात एक सहा मजली इमारत आहे. नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. एक सोडून. सहाव्या मजल्यावरच्या शुभांगी सावंत यांचं नाव खरं आहे आणि ते त्यांनीच लिहायला सांगितलं आहे.

त्या इमारतीतली पहिली ड्रिल फसली. अलार्म वाजल्याबरोबर सगळे मजले एकदम जिन्यात उतरले, ढकलाढकली झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंचा पाय मुरगळला. सेक्रेटरी राऊळ माझ्यावर उखडले. "सर, आग परवडली, तुमची ड्रिल नको." मला ते झोंबलं. मी घरी बसून नवी पद्धत आखली. प्रत्येक मजल्यावर एक मजला-प्रमुख. अलार्म झाला की लोकांनी लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत जमायचं. मजला-प्रमुखाने जिन्याच्या तोंडाशी हात आडवा धरून उभं राहायचं. खाली सेक्रेटरी. एक मजला रिकामा झाला की ते शिट्टी मारणार, मग वरच्या मजल्याने उतरायचं. शिट्टी ठरलेल्या जागी हवी म्हणून सोसायटीच्या ऑफिसात खिळ्याला टांगायची, गच्चीच्या किल्लीशेजारी. सगळं कसं नीटनेटकं. कागदावर बघून मला माझाच अभिमान वाटला.

शुभांगीताई सहाव्या मजल्याच्या प्रमुख झाल्या. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, चाळिशीच्या, बोलायला मऊ. दुसऱ्या ड्रिलला त्यांच्या मजल्यावरचा एक माणूस म्हणाला, "ताई, मला स्टेशनला पोचायचंय, जातो पुढे." त्यांनी त्याला जाऊ दिलं. मी खालून वर गेलो आणि सगळ्यांसमोर त्यांना झापलं. "ताई, खऱ्या आगीत अशी दया दाखवलीत तर माणसं चेंगरून मरतील. शिट्टी होईपर्यंत जो हलेल त्याला अडवायचं. तुमचा सख्खा नवरा असला तरी." त्यांचा चेहरा पडला. "सॉरी सर," म्हणाल्या. "परत नाही होणार."

परत झालं नाही. तिसऱ्या ड्रिलला अख्खी इमारत शिस्तीत, मजल्यामागून मजला, एका धक्क्याशिवाय खाली आली. समारोपाला मी शुभांगीताईंना पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. मी दुसऱ्या सोसायट्यांत जाऊन सांगायचो, शिस्त बघायची तर इंद्रलोकला जाऊन बघा.

त्यानंतर साताठ महिन्यांनी, एका बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला, त्या इमारतीच्या तळमजल्यावरची मीटर रूम पेटली. मी तेव्हा मीरा रोडला दुसऱ्या एका ड्रिलला होतो. जे झालं ते मला नंतर राऊळांनी आणि तिथल्या लोकांनी सांगितलं. सगळ्यांचं सांगणं जवळजवळ सारखंच आहे, त्यामुळे खरंच असणार.

अलार्म वाजला. खालच्या तीन मजल्यांना ज्वाळाच दिसत होत्या, ते कशाचीही वाट न बघता पळाले. चौथ्या मजल्यावर कोणी घरात नव्हतं. पाचव्या मजल्यावरची माणसं शिकवल्याप्रमाणे लिफ्टसमोर येऊन उभी राहिली. तिथे एका घरात उत्तनची एक कोळीण मावशी लेकीकडे राहायला आली होती. तिने कधी ड्रिल बघितलेली नव्हती. तिने विचारलं, कनची वाट बघताय? कोणीतरी म्हणालं, शिट्टीची. मावशी म्हणाली, "धूर नाकात जातंय आन् शिटीची वाट बगता? मी न्हाय थांबायची." आणि ती लेकीचा हात धरून उतरायला लागली. तिच्यामागे एक निघाला, मग दुसरा, मग सगळेच. पाचवा मजला दोन मिनिटांत खाली. जिन्यात तेव्हा नुसता धुराचा वास होता, माणूस आरामात उतरू शकत होता.

सहाव्या मजल्यावर अकरा जण होते. ते लिफ्टसमोर उभे राहिले आणि शुभांगीताई जिन्याच्या तोंडाशी हात आडवा करून. शिट्टी येईना. ती यायचीच नव्हती. सोसायटीचं ऑफिस मीटर रूमला लागून आहे, शिट्टी तिथे खिळ्याला होती, आणि गच्चीची किल्लीही. राऊळ बाहेर रस्त्यावर उभे राहून अग्निशमन दलाला फोनवर फोन करत होते. वरचे शिट्टीसाठी थांबले असतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

सहाव्या मजल्यावर पारेखकाका राहायचे. सत्तरीचे, दमेकरी, गमत्या माणूस. ड्रिलच्या दिवशी मला हमखास विचारायचे, "सर, आज आग किती वाजता?" ते त्या दिवशी म्हणाले, "शुभांगीबेन, चला खाली, बरोबर नाही हे." ताई म्हणाल्या, "काका, दोन मिनिटं. शिट्टी होऊ दे." ते परत म्हणाले. त्यांनी परत थांबवलं. आणि बाकीचे नऊ जण? त्यांना ताईंना बाजूला सारायला कितीसा जोर लागला असता? पण ते एकमेकांकडे बघत उभे राहिले. पाच-सहा मिनिटांनी जिन्यातून काळा धूर एकदम वर आला. मग उतरणं शक्यच नव्हतं. ताईंनी सगळ्यांना स्वतःच्या घरात घेतलं, दाराला ओले टॉवेल लावले, खिडक्या उघडल्या. अग्निशमन दलाने सगळ्यांना शिडीने काढलं. दहा जण धडधाकट घरी परतले. पारेखकाका नवव्या दिवशी हॉस्पिटलातच वारले.

पुढच्या रविवारी खास सभा बोलावली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंत अजून काळी. मला जाणकार म्हणून बोलावलं होतं आणि पहिल्या रांगेत बसवलं होतं. शुभांगीताई समोर, थोड्या बाजूला.

पारेखकाकांचा मुलगा निलेश उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "पप्पा दोनदा बोलले खाली जाऊया. तुम्ही हात आडवा केला. मला फक्त एवढंच सांगा, का केला?"

त्याचं उत्तर त्या पार्किंगमध्ये दोनच माणसांना नक्की ठाऊक होतं. ताईंना आणि मला. खरं तर ते सगळ्यांनाच ठाऊक असायला हवं होतं, मी सगळ्यांसमोरच तर झापलं होतं. पण तेव्हा ते कोणाला आठवलं नाही, किंवा आठवलं तरी बाकीचे गप्प होते.

ताई काही बोलायच्या आत राऊळ उठले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना सोसायटी सांभाळायची होती. म्हणाले, "निलेशभाई, ट्रेनिंग तर उत्तम झालं होतं. सरांनी जीव तोडून शिकवलं. पद्धतीत काही चूक नाही, प्रसंगावधान राखायला माणूस कमी पडला. बरोबर ना, सर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काही जण आधीच माना हलवत होते.

मी मान हलवली.

यावर मी फार विचार केला आहे. मी घाबरलो होतो का? थोडा. कंपनीवर येईल, हाही विचार होता. पण खरं सांगायचं तर तेवढ्या क्षणात विचार करायला वेळच नव्हता. चाळीस-पन्नास माना हलत होत्या, त्यात माझीही हलली. सिल्व्हर पार्कच्या बायकांना मी हसलो होतो. माणूस गर्दीत कसा वागतो यावर मी तासभर न अडखळता बोलू शकायचो, त्याचे मला पैसे मिळायचे. त्या ज्ञानाचा मला त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही. लाज वाटते सांगायला, पण असंच झालं.

ताई माझ्याकडे बघत होत्या. मग खाली बघून म्हणाल्या, "माझंच चुकलं. मला सुचलं नाही."

निलेश खाली बसला. सभा संपली. चहा झाला.

त्या बाईंशी कोणी भांडलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. काही ठरलंही नव्हतं. पण लिफ्टमध्ये त्या शिरल्या की बोलणं थांबायचं. गणपतीत आरतीचं ताट प्रत्येक घराकडे एकेक दिवस असायचं, त्या वर्षी त्यांच्या घराचा दिवस राहून गेला. मी नंतर दोघांतिघांना विचारलं, असं का केलंत? प्रत्येकजण म्हणाला, माझ्या मनात काही नव्हतं, पण बाकीच्यांना आवडलं नसतं. वर्षाच्या आत सावंत कुटुंबाने ती जागा भाड्याने दिली आणि भाईंदर पश्चिमेला राहायला गेले.

मी काय केलं? मी माझ्या सगळ्या इमारतींमधून शिट्टीची पद्धत काढून टाकली. "आता नवीन पद्धत आली आहे," असं सांगायचो. लोकांनी तीही निमूट शिकून घेतली. जुनी का गेली हे एकाने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावत राहिलो. एकानेही विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर वेळ फार मिळतो आणि तो चांगला नसतो. यंदा मी राऊळांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या वार्षिक सभेत मला पाच मिनिटं द्या, मला शुभांगीताईंबद्दल बोलायचं आहे. त्यांनी मला बसवलं, खारी-चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कशाला उकरून काढताय सर? निलेशभाई पण आता सावरलेत. तरी मी सगळ्यांना विचारून सांगतो." चार दिवसांनी फोन आला. "सगळ्यांचं म्हणणं पडलं, नको." मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? ते म्हणाले, "सगळे म्हणजे सगळेच हो."

मग मी निलेशच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाईक नसताना त्याला सरळ सांगितलं. ताईंनी हात आडवा का केला, त्यांना तसं कोणी आणि कोणत्या शब्दांत शिकवलं होतं, आणि मी सभेत मान का हलवली. तो बराच वेळ काउंटरवरचा कपडा घडी करत राहिला. म्हणाला, "मी पाच वर्षं त्यांच्याशी बोललो नाही, सर. समोर आल्या की रस्ता बदलला." एवढंच म्हणाला. मला वाईट काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तिथून मी रिक्षा करून भाईंदर पश्चिमेला ताईंकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं. केस बरेच पांढरे झाले आहेत. "या ना सर," म्हणाल्या, जणू ड्रिलच्या आधी सूचना द्यायला आलोय. पाणी दिलं. मी रिक्षात घोकून ठेवलेलं सगळं एका दमात सांगितलं. चूक माझी होती, पद्धत माझी होती, तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत, आणि सभेत मी तुम्हाला एकटं पाडलं. निलेशला सांगून आलोय. आता एका अंकात लिहिणार आहे, तुम्ही म्हणाल ते नाव घालतो.

"नाव माझंच घाला," त्या म्हणाल्या. "तेव्हा सगळ्यांनी घेतलंच होतं."

मला राहवेना. मी विचारलं, "ताई, तुम्हाला तर ठाऊक होतं. शिट्टीशिवाय सोडायचं नाही हे मीच सांगितलं होतं म्हणून. तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांना या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"बोलणारच होते," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं होतं मी. पण तुम्ही समोर बसला होतात. म्हटलं, सर आहेत, आधी सर बोलतील. म्हणून थांबले."